नादुरुस्त वास्तू आणि भाडेकरूचा हक्क : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम १४ चा अभ्यास

सारांश

घरमालकाने दुरुस्तीकडे दुर्लक्ष केल्यास भाडेकरूने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या भाडे कायद्यात सुस्पष्टपणे दिलेले आहे. तथापि बहुसंख्य भाडेकरूंना ते ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांना त्याच्या मर्यादा माहीत नसतात. प्रस्तुत लेखात कलम १४ चे स्वरूप, त्यातील नोटिशीची व वजावटीची पद्धत, वार्षिक भाड्याच्या एकचतुर्थांशाची मर्यादा, तसेच इमारत धोकादायक ठरल्यास उद्भवणारी परिस्थिती यांचा विचार केला आहे. कलम १४ हे पहिल्या गळतीवरचे औषध आहे, ढासळलेल्या वास्तूवरचे नव्हे. म्हणून हा हक्क वेळेत बजावणे यातच त्याचे सामर्थ्य आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : भाडेकरू, घरमालक, दुरुस्ती, नोटीस, वजावट, धोकादायक इमारत, भाडेहक्क.

प्रस्तावना

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घराची शाकारणी करून घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. फुटलेली कौले बदलणे, कुजलेले वासे काढणे, पन्हळी साफ करणे ही कामे पावसाच्या आधी झाली नाहीत, तर पुढचे चार महिने घरात ठिकठिकाणी पातेली मांडून बसावे लागते. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला ही कामे कोणी करायची हा प्रश्न पडत नाही. भाड्याच्या घरात मात्र तोच प्रश्न सर्वांत अवघड होऊन बसतो. छप्पर मालकाचे, पण त्याखाली भिजणारा संसार भाडेकरूचा. दुरुस्तीचा खर्च ज्याच्या मालमत्तेवर व्हायचा त्याला गळतीचा त्रास नाही आणि ज्याला त्रास आहे त्याची ती मालमत्ता नाही. भाडे कायद्यातील दुरुस्तीविषयक तरतुदींचा उगम या विसंगतीत आहे.

पुण्याच्या पेठांमधील वाडे, मुंबईच्या गिरणगावातील चाळी, सांगली, सातारा, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांच्या जुन्या वस्त्यांतील दुमजली घरे या सर्व ठिकाणी हा प्रश्न आढळतो. मुंबईत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजार परिसरातील हुसैनी इमारत कोसळली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत आणि बरोबर एका वर्षाने, १६ जुलै २०२० रोजी, फोर्ट भागातील भानुशाली इमारतीत अशाच दुर्घटना घडल्या. तिन्ही घटना पावसाळ्यातील आहेत. प्रत्येक दुर्घटनेची कारणे स्वतंत्र असतात हे मान्य करूनही, एवढे निश्चित म्हणता येते की जुनी वास्तू एका रात्रीत मोडकळीस येत नाही. तिच्या ऱ्हासाला काही वर्षे लागतात आणि त्या वर्षांत काहीतरी करता येण्याजोगे असते. ते काय, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्राच्या तीन भागांत भाडेविषयक तीन निरनिराळे कायदे अमलात होते. पश्चिम महाराष्ट्र, मुंबई व कोकणात १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश आणि मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाच्या परंपरेतून आलेला १९५४ चा कायदा लागू होता. या तिन्हींचे एकत्रीकरण करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ संमत झाला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांतील निवास, शिक्षण, व्यवसाय, व्यापार किंवा साठवण यांसाठी भाड्याने दिलेल्या जागांना तो लागू होतो.

दुरुस्तीची जबाबदारी घरमालकावर टाकणारी तरतूद १९४७ च्या कायद्यातही, कलम २३ मध्ये, होती. परंतु त्याच कायद्याने जुन्या जागांचे प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून ठेवले होते. परिणामी दुरुस्तीचा खर्च वर्षागणिक वाढत गेला आणि भाडे जागच्या जागी राहिले. चुना, लाकूड, मजुरी यांचे दर अनेक पटींनी चढले असता दहा-वीस रुपये मासिक भाड्यातून वाडा सांभाळणे मालकाला परवडेनासे झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात भाडे गोठविणाऱ्या या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य ठरल्या असल्याचा निष्कर्ष काढला. १९९९ च्या कायद्याने भाड्यात दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली. सुधारणा व संरचनात्मक दुरुस्ती केल्यास अधिक वाढ मिळण्याची सोयही ठेवली. तरीही मूळ भाडेच नगण्य असेल तर त्याचे ४ टक्के हे नगण्यच राहतात. घरमालकाचे दुर्लक्ष हा नेहमीच दुष्टपणाचा प्रकार असतो असे समजणे म्हणूनच योग्य होणार नाही. काही ठिकाणी ती असमर्थता असते, काही ठिकाणी उदासीनता असते आणि काही ठिकाणी मात्र इमारत पडली की जागा मोकळी होईल हा हिशेब असतो. कायद्याने या तिन्ही प्रकारांत भेद केलेला नाही. कर्तव्य सर्वांवर सारखेच आहे.

कलम १४ : कर्तव्याचे स्वरूप

कलम १४ च्या पहिल्या पोटकलमानुसार, भाडेकरूने विरुद्ध आशयाचा करार केलेला नसेल तर, प्रत्येक घरमालक जागा सुस्थितीत व राहण्यायोग्य ठेवण्यास बांधील असतो. या एका वाक्यात तीन गोष्टी सामावलेल्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, हे कर्तव्य कायद्याने निर्माण केलेले आहे. भाडेचिठ्ठीत दुरुस्तीचा उल्लेख नसला तरी ते अस्तित्वात असते. याउलट मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये कलम १०८ अन्वये भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्च वळता करून घेण्याची मुभा असली, तरी ती घरमालक करण्यास बांधील असलेल्या दुरुस्तीपुरतीच आहे; अशी बांधिलकी तेथे सामान्यतः करारातून यावी लागते. ज्या जागांना भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, उदाहरणार्थ बँका, सार्वजनिक उपक्रम किंवा १ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा, तेथे करारनाम्याला निर्णायक महत्त्व प्राप्त होते.

दुसरी गोष्ट, हे कर्तव्य कराराने बदलता येते. ‘सर्व दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी’ असे कलम भाडेकरूने मान्य करून सही केली असल्यास कलम १४ चा आधार त्याला मिळणे कठीण होते. म्हणून भाडेकराराचा मजकूर सही करण्यापूर्वी वाचणे हा केवळ शहाणपणाचा उपदेश नसून हक्करक्षणाची पहिली पायरी आहे.

तिसरी गोष्ट, ‘राहण्यायोग्य’ या शब्दाची व्याप्ती. इंग्लंडमधील न्यायालयाने १८९० मध्ये प्राउडफूट विरुद्ध हार्ट या गाजलेल्या प्रकरणात अशी कसोटी सांगितली की, घराचे वय, त्याचा प्रकार आणि ते ज्या वस्तीत आहे ती वस्ती विचारात घेऊन, तशा घरात राहू इच्छिणाऱ्या समंजस भाडेकरूला ते राहण्यास योग्य वाटले पाहिजे. शंभर वर्षांच्या वाड्यात नव्या सदनिकेची चकाकी मागता येणार नाही. पण छप्पर गळू नये, जिना डुगडुगू नये, भिंत अंगावर येऊ नये, मोरीचे पाणी तुंबू नये एवढी अपेक्षा त्या वाड्यातही न्याय्यच आहे. गळती थांबविणे ही दुरुस्ती होय. गुळगुळीत फरश्या बसविणे ही सुधारणा होय. कलम १४ पहिल्या प्रकारासाठी आहे.

नोटिशीपासून वजावटीपर्यंत

घरमालकाने कर्तव्यात कसूर केल्यास भाडेकरूने अवलंबावयाची पद्धत दुसऱ्या पोटकलमात दिली आहे. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(१) भाडेकरूने एकट्याने, किंवा त्या दुरुस्तीशी संबंध असलेल्या भाडेकरूंनी मिळून, घरमालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. ती टपालाने किंवा अन्य रीतीने बजावता येते. व्यवहारात पोचपावतीसह टपालाने पाठविणे श्रेयस्कर. कारण पुढे वाद उद्भवल्यास ‘मला कोणी काही सांगितलेच नाही’ हा पहिला बचाव असतो. नोटिशीत ‘घर दुरुस्त करावे’ असे मोघम न लिहिता, ‘माजघराच्या उत्तरेकडील छपराची कौले फुटली असून दोन वासे कुजले आहेत’ असा तपशील द्यावा. तारखांसह छायाचित्रे जवळ ठेवावीत.

(२) नोटिशीनंतर वाजवी मुदतीत घरमालकाने काम केले नाही, तर भाडेकरूंना ती दुरुस्ती स्वतः करून घेता येते. १५ दिवस हा किमान अवधी आहे. वाजवी मुदत कामाच्या स्वरूपावरून ठरते.

(३) झालेला खर्च, द.सा.द.शे. १५ दराने सरळव्याजासह, भाड्यातून वळता करता येतो किंवा अन्य रीतीने वसूल करता येतो. अनेकांनी मिळून काम केले असल्यास प्रत्येकाचा वाटा त्याच्या भाड्याच्या प्रमाणात धरला जातो.

(४) कोणत्याही एका वर्षात अशी वजावट किंवा वसुली त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही.

तिसऱ्या पोटकलमाने भाडेकरूला एक मोठे साहाय्य दिले आहे. खर्चाची आकारणी करताना भाडेकरूंनी ठेवलेले हिशेब व त्यासोबतच्या पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो घरमालकावर बंधनकारक असतो. म्हणजे एवढे रुपये खरोखर लागले होते काय, या वादाला तेथे फारशी जागा उरत नाही. पण हे साहाय्य हिशेब ठेवणाऱ्यालाच आहे. गवंडी, सुतार, कौलांचा दुकानदार, वाहतूक यांपैकी प्रत्येकाकडून सही व तारीख असलेली पावती घेणे, एका वहीत ती क्रमवार लावणे आणि तिची प्रत घरमालकाला देणे एवढे काम ज्याने केले त्याचीच बाजू बळकट राहते.

पाव भाड्याचे गणित

या कलमाची ताकद आणि त्याची मर्यादा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका वाड्यात ६ बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाचे मासिक भाडे ४०० रुपये आहे. प्रत्येकाचे वार्षिक भाडे ४,८०० रुपये. त्याचा चतुर्थांश १,२०० रुपये. छपराच्या एका भागाची शाकारणी, चार वासे आणि नवी पन्हळ यांसाठी एकूण १८,००० रुपये खर्च आला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३,००० रुपये येतात. दरसाल १,२०० रुपयांप्रमाणे मुद्दल अडीच वर्षांत फिटते. वर्षअखेरीस व्याज आकारून हिशेब केला तरी चौथ्या वर्षी सर्व रक्कम वसूल होते. हक्क येथे पुरेपूर उपयोगी पडतो.

आता समजा, ही गळती पाच-सात वर्षे तशीच राहिली. पाणी भिंतीत मुरले, तुळयांना वाळवी लागली, खांब कलले. आता खर्च ३,६०,००० रुपयांवर गेला. प्रत्येकाच्या वाट्याला ६०,००० रुपये येतात. वार्षिक वजावटीची मर्यादा तीच, १,२०० रुपये. केवळ मुद्दल फिटण्यास ५० वर्षे लागतील. आणि १५ टक्क्यांप्रमाणे पहिल्याच वर्षाचे व्याज ९,००० रुपये होत असल्याने ती रक्कम वजावटीच्या मार्गाने कधीच फिटणार नाही. कायदा तोच, वाडा तोच, भाडेकरू तेच. दोन्हींत अंतर आहे ते काळाचे.

या उदाहरणातून दोन निष्कर्ष निघतात. एक, कलम १४ लहान व वेळच्या वेळी करावयाच्या दुरुस्तीसाठी समर्थ आहे. दोन, भाडे जितके कमी तितका हा हक्क दुबळा. ज्यांचे भाडे अत्यल्प आहे आणि ज्यांच्या वास्तू सर्वांत जुन्या आहेत, त्यांनाच त्याचा लाभ सर्वांत कमी मिळतो. नाममात्र भाड्याचे संरक्षण आणि दुरुस्तीचा हक्क यांच्यात कायद्याने नकळत एक विरोध निर्माण करून ठेवला आहे. त्यावरचा तूर्त उपलब्ध उपाय म्हणजे सर्व बिऱ्हाडांनी एकत्र येऊन पहिल्या गळतीलाच नोटीस देणे होय.

भाडे थांबविणे : एक घातक गैरसमज

‘दुरुस्ती करीत नाही तर भाडे देत नाही’ ही भूमिका स्वाभाविक वाटली तरी भाडेकरूला ती अत्यंत महाग पडू शकते. कलम १५ नुसार भाडेकरू प्रमाणित भाडे व अनुज्ञेय वाढ देत असेल किंवा देण्यास तयार व राजी असेल तोवर थकबाकीच्या कारणाने त्याच्याकडून ताबा घेता येत नाही. भाडे पूर्णपणे थांबविले की हे कवच निखळते. घरमालक थकबाकीची नोटीस देतो, ९० दिवस उलटतात, दावा दाखल होतो आणि मूळ प्रश्न दुरुस्तीचा होता ही गोष्ट बाजूला पडते. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सर्व थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह भरून व पुढेही नियमित भाडे भरून भाडेकरू स्वतःला वाचवू शकतो. परंतु ती संधी हुकल्यास राहते घर जाण्याची वेळ येते.

म्हणून वजावट चतुर्थांशाच्या मर्यादेतच करावी, उरलेले भाडे दर महिन्याला पाठवावे आणि घरमालक ते घेण्यास नकार देत असल्यास मनिऑर्डरने अथवा बँकेमार्फत पाठवून त्याचा पुरावा जपावा. भाड्याची पावती देणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. दुरुस्तीच्या निमित्ताने नवी भिंत बांधणे, मजला वाढविणे यांसारखी पक्की बांधकामे घरमालकाच्या लेखी संमतीविना केल्यास ते जागा खाली करण्याचे कारण ठरू शकते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. स्वयंपाकाचा ओटा, लाकडी आडभिंत, दरवाजा, जाळी, खिडकी यांसारख्या गोष्टींना कायद्याने पक्क्या बांधकामातून वगळले आहे. तरीही दुरुस्ती म्हणजे होते ते पूर्ववत करणे, हे सूत्र सोडू नये.

अत्यावश्यक सेवा

पाणी, वीज, जिन्यावरील व बोळातील दिवे, उद्वाहन, सफाई व मलनिःसारण यांसंबंधी कलम २९ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. पुरेशा कारणाविना अशी सेवा घरमालकाने तोडू नये किंवा रोखून धरू नये. घरमालकाच्या कृतीमुळे अथवा त्याच्या हयगयीमुळे, उदाहरणार्थ पाणीपट्टी न भरल्यामुळे, नगरपालिकेने जोडणी तोडली तर तीही सेवा रोखल्यासारखीच समजली जाते. भाडेकरूने न्यायालयात अर्ज केल्यास ठरावीक दिवसापर्यंत सेवा पूर्ववत करण्याचा आदेश मिळू शकतो; आदेश न पाळल्यास दररोज १०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि अपराध सिद्ध झाल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फुटलेले नळकोंडाळे किंवा तुंबलेले सांडपाणी यांसारख्या तक्रारींत हा मार्ग कलम १४ पेक्षा जवळचा ठरतो.

या सर्व दाव्यांची व अर्जांची अधिकारिता बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयाकडे, जेथे स्वतंत्र लघुवाद न्यायालय आहे तेथे त्याच्याकडे आणि अन्यत्र दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे असते. भाडेकरू स्वखर्चाने दुरुस्ती करीत असता घरमालक अडथळा आणत असल्यास मनाई हुकूमही तेथेच मागावा लागतो.

इमारत धोकादायक ठरते तेव्हा

दुर्लक्षाचा काळ लांबला की प्रश्न भाडे कायद्याच्या कक्षेतून नगरपालिका कायद्याच्या कक्षेत जातो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५४ अन्वये व अन्य शहरांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६४ अन्वये आयुक्त धोकादायक वास्तूबाबत नोटीस काढू शकतात. अशा नोटिशीचा अर्थ नेहमी ‘पाडा’ असाच नसतो. ती दुरुस्तीची किंवा आधार देण्याचीही असू शकते. मुंबईत जुन्या इमारतींची वर्गवारी केली जाते. ‘सी-१’ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडावयाची, ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करावयाची, ‘सी-२ बी’ म्हणजे रहिवासी असतानाच दुरुस्ती करता येण्याजोगी आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. या एका अक्षरावर व अंकावर अनेक कुटुंबांचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून संरचनात्मक तपासणीचा अहवाल कोणी करविला, कोणत्या चाचण्या झाल्या, हे भाडेकरूने विचारले पाहिजे. घरमालकाचा व भाडेकरूंचा अहवाल परस्परविरोधी असल्यास तो तांत्रिक सल्लागार समितीपुढे ठेवण्याची पद्धत मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार रूढ झाली आहे.

नगरपालिकेने दुरुस्तीचा आदेश दिला आणि मालकाने तो पाळला नाही, तर मुंबईच्या कायद्यातील कलम ४९९ अन्वये आयुक्तांच्या मान्यतेने ताबाधारकाला ते काम करता येते व खर्च मालकाकडून वळता करता येतो. भाडेकरूंनी हाही मार्ग ध्यानात ठेवावा.

येथे एक स्पष्ट इशारा देणे आवश्यक वाटते. हक्कासाठी भांडणे वेगळे आणि पडक्या छपराखाली झोपणे वेगळे. जागा सोडली की हक्क गेला, या भीतीने अनेक कुटुंबे जीव धोक्यात घालून राहतात. ही भीती कायद्याच्या दृष्टीने बव्हंशी निराधार आहे.

वास्तू गेली तरी हक्क राहतो

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा, शहा रतनसी खिमजी अँड सन्स विरुद्ध प्रपोज्ड कुंभार सन्स हॉटेल या प्रकरणातील निर्णय महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कारण तो सांगली येथील वास्तूसंबंधी होता. महानगरपालिकेच्या नोटिशीनंतर ती वास्तू पाडण्यात आली होती. वास्तूच राहिली नाही म्हणून भाडेपट्टाही संपला काय, असा प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे होता. भाडेपट्ट्याचा विषय केवळ बांधकाम नसून त्याखालील जमीनही असते. म्हणून वास्तू पाडली गेल्याने भाडेहक्क आपोआप नष्ट होत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि पूर्वीचा विरुद्ध निर्णय चुकीचा ठरविला.

मुंबई उच्च न्यायालयाच्या उपरोक्त मार्गदर्शक तत्त्वांतही, इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाच्या ताब्यातील क्षेत्रफळाची नोंद करावी आणि पाडकामामुळे त्याच्या हक्कांना बाध येत नाही, हे तत्त्व मान्य केलेले आहे. म्हणून जागा रिकामी करावी लागलीच तर भाडेकरूने पुढील गोष्टी हाताशी ठेवाव्यात : भाडेपावत्या व भाडेकरार, वीजदेयके, शिधापत्रिका, महापालिकेने केलेल्या मोजमापाची प्रत, जागेची छायाचित्रे आणि हक्क राखून जागा सोडत असल्याचे लेखी पत्र. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून मागण्याचा अधिकार कलम १६ ने घरमालकाला दिला आहे. मात्र काम पूर्ण झाल्यावर पुन्हा त्या जागेत येण्याचा भाडेकरूचा हक्कही त्याच कायद्याने राखून ठेवला आहे.

मुंबईतील उपकरप्राप्त इमारती

मुंबई शहरातील जुन्या इमारतींची समस्या इतकी व्यापक होती की, १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. उपकर आकारून त्यातून दुरुस्ती करावयाच्या अशा १९,६४२ इमारती त्या वेळी होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’, तेव्हापासून १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ अशी त्यांची वर्गवारी आहे. पुढे ही योजना महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम, १९७६ मध्ये समाविष्ट झाली. या इमारतींतील भाडेकरूंना संरचनात्मक दुरुस्तीसाठी मंडळाकडे जाता येते. मात्र दर चौरस मीटरमागे खर्चाची कमाल मर्यादा असते आणि ती ओलांडली गेल्यास वाढीव भार रहिवाशांवर पडतो अथवा पुनर्बांधणीचा प्रश्न पुढे येतो. पुणे, नाशिक, सोलापूर किंवा नागपूर येथील जुन्या घरांना असे मंडळ नाही. त्यांच्यापुढे कलम १४ आणि महानगरपालिका हेच दोन दरवाजे आहेत.

नवे भाडेकरू आणि नवे विचार

आज शहरांत अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ कराराने राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. असे परवानाधारक सामान्यतः ‘भाडेकरू’ या संज्ञेत येत नाहीत. त्यामुळे कलम १४ चा थेट आधार त्यांना मिळत नाही. त्यांच्यासाठी करारनामा हाच कायदा ठरतो. गळती, जलवाहिनी, वीजजोडणी यांची दुरुस्ती कोणी, किती दिवसांत करावयाची व न केल्यास खर्च परवाना शुल्कातून वळता होईल काय, हे करारातच लिहून घेणे अगत्याचे आहे.

केंद्र शासनाने जून २०२१ मध्ये मान्य केलेल्या आदर्श भाडेकरू अधिनियमात या प्रश्नाची मांडणी अधिक रेखीव आहे. संरचनात्मक दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, जलवाहिन्या बदलणे व वीजतारा ही जबाबदारी मालकाकडे. नळाचे वॉशर, नाल्यांची सफाई, विजेची बटणे यांसारखी किरकोळ कामे भाडेकरूकडे, अशी यादीच परिशिष्टात दिली आहे. मालकाने हयगय केल्यास भाडेकरू खर्च वळता करू शकतो. वजावट मात्र एका महिन्याच्या भाड्यातून निम्म्यापेक्षा अधिक असू नये. हा अधिनियम केवळ नमुना असून, राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो कोणावरही बंधनकारक होत नाही. तथापि कामांची निश्चित यादी देण्याची त्यातील कल्पना स्वीकारण्याजोगी आहे. कारण निम्मे वाद ‘हे काम कोणाचे’ एवढ्याच प्रश्नाभोवती फिरतात.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. जागा राहण्यायोग्य ठेवणे हे घरमालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि विरुद्ध करार नसेल तर ते टाळता येत नाही. भाडेकरूला नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करण्याचा व खर्च व्याजासह वळता करण्याचा हक्क आहे. परंतु वार्षिक भाड्याच्या चतुर्थांशाची मर्यादा असल्याने हा हक्क लहान दुरुस्तीपुरताच परिणामकारक ठरतो. भाडे पूर्णपणे थांबविणे हा उपाय नसून संकट आहे. इमारत धोकादायक ठरल्यास जीव वाचविण्यासाठी ती सोडल्याने भाडेहक्क नष्ट होत नाही. मात्र त्याचा लेखी पुरावा जपावा लागतो.

वजावटीची मर्यादा भाड्याशी बांधण्याऐवजी आवश्यक दुरुस्तीच्या स्वरूपाशी जोडता येईल काय, तसेच वाजवी भाडेवाढ व दुरुस्तीची सक्ती यांची सांगड घालता येईल काय, याचा विचार विधिमंडळाने केला पाहिजे. भाडे परवडणारे असावे आणि घरही उभे राहावे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या नाहीत तर कायद्याने दिलेले संरक्षण पडक्या भिंतींचे संरक्षण ठरेल. तोपर्यंत भाडेकरूच्या हाती जे आहे ते साधे आहे. पहिली कौल फुटली की एक पत्र, एक पोचपावती आणि एक हिशेबाची वही. मृगापूर्वीची शाकारणी जशी वेळेवरच करावी लागते, तसाच दुरुस्तीचा हक्कही वेळेवरच बजावावा लागतो.